पडून राहिलेला टर्बो विकायचाय? नेमप्लेटचा फोटो आधी टाका

प्रोजेक्ट कार (हौसेने स्वतः बदल करत असलेली गाडी) अर्धवट राहिली की टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पार्ट), इंजेक्टर (इंधन फवारणारे), इंटरकूलर (ती हवा थंड करणारा) सगळं कपाटात पडून राहतं, आणि नुसतं "नवीन टर्बो विकणे आहे" लिहिलं की लोक अर्ध्या किमतीत मागतात, कारण बाजारात गॅरेट या टर्बो कंपनीच्या नावाने डुप्लिकेट खूप फिरतात.

मी असं केलं:

१. कंप्रेसर हाउसिंगवरच्या (टर्बोच्या हवा ओढणाऱ्या बाजूच्या कवचावरच्या) प्लेटचा फोटो, पार्ट नंबर स्वच्छ दिसेल असा. टर्बाइन हाउसिंगवर (एक्झॉस्टच्या बाजूच्या कवचावर) ए/आर आकडा (आतला मार्ग किती मोठा ते सांगणारा) कोरलेला असतो, ०.६४ किंवा ०.८६ वगैरे, तोही घ्या, जाणकार माणूस आधी तेच विचारतो.

२. ऑइल इनलेटचा आतून फोटो. तिथे जळक्या तेलाचा डाग नसेल तर टर्बो इंजिनला लागलेला नसावा, असं गिऱ्हाइकाला पटायला मदत होते. बिल असेल तर तेही.

३. सुटे विका. माझी किट तशीच पडून होती, सुटं केल्यावर हळूहळू सगळं गेलं. इंजेक्टरचे चार नग मात्र वेगवेगळे विकू नका, सेटमधल्या नगांचा फ्लो (इंधन सोडण्याचं प्रमाण) सहसा जुळवलेला असतो.

एक सांभाळा, गिऱ्हाइकाला दाखवायला म्हणून एअर कंप्रेसरची (गॅरेजमधल्या हवेच्या मशीनची) हवा मारून टर्बो फिरवू नका, बेअरिंग कोरडं असतं, तिथेच खराब होतं. बोटाने हळू फिरवून व्हिडिओ काढा, पुरे.