केमो चालू असताना ची कुंग कसं करायचं (बसून पण चालतं)

माझं ब्रेस्टचं ऑपरेशन झालं आणि मग मिरजेला सहा केमो झाल्या, त्या दिवसांत ची कुंगचा, म्हणजे श्वास आणि सावकाश हालचालींच्या व्यायामाचा, मला फार आधार झाला म्हणून लिहितेय. आधीच सांगते, यानं गाठ जात नाही, औषधं बंद करायची नाहीत, कुणी तसं सांगितलं तर अजिबात ऐकू नका. थकवा, उडालेली झोप आणि रिपोर्टच्या आदल्या रात्रीची धडधड, एवढ्यासाठी हे करायचं.

प्रकार चीनमधला, खूप जुना. मवांगदुईच्या थडग्यात रेशमावर असे व्यायाम करणारी 44 माणसं काढलेली सापडली, ते थडगं इसवीसनपूर्व 168 चं. आणि क्वो लिन म्हणून एक चित्रकार बाई होत्या, त्यांना स्वतःला गर्भाशयाचा कॅन्सर झालेला, त्यांनी 1970 च्या दशकात बीजिंगच्या बागांमधून पेशंट लोकांना चालत चालत करायचं ची कुंग शिकवलं. हे वाचलं आणि मला वाटलं, चला, आपल्यासारख्याच बाईनं केलंय.

सुरू करायच्या आधी डॉक्टरांना विचारा, आणि नुसतं "व्यायाम करू का" असं नाही, हात किती वर न्यायचा, पोर्ट (केमो द्यायला कातडीखाली बसवतात ते) असेल तर काय, हाडात आजार असेल तर वाकायचं का, असं नेमकं विचारा. मला सुरुवातीला हात खांद्याच्या वर न्यायला मनाई होती.

आता कृती. बिनहाताची, न हलणारी खुर्ची घ्या, मी स्वयंपाकघरातलीच घ्यायची, भिंतीला टेकवून ठेवायची म्हणजे सरकत नाही. पुढच्या कडेशी बसा, दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकलेले, खांदे सैल, जीभ हलकेच टाळूला. हात बेंबीच्या खाली तीन बोटांवर ठेवा, या जागेला ते दानतियन म्हणतात. नाकानं श्वास घ्या, पोट हाताखाली फुगतंय का बघा, मग सोडा. श्वास कोंडायचा नाही, मोजायचा पण नाही. माझा पहिला आठवडा एवढ्यावरच गेला, सकाळी कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत.

मग बा दुआन जिनमधली, म्हणजे ची कुंगच्या आठ हालचालींच्या संचातली, पहिली हालचाल. बोटं पोटासमोर एकमेकांत गुंफा, तळवे वर, श्वास घेत छातीपर्यंत आणा, तिथं तळवे उलटे करून छताकडे न्या, जमेल तेवढंच, आणि श्वास सोडत दोन्ही बाजूंनी खाली. ज्यांना वर न्यायची परवानगी नाही त्यांनी छातीपाशीच थांबायचं, काही बिघडत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, दहा वेळा जमत असेल तर सहा-सातलाच थांबा. दुसऱ्या केमोनंतर चौथ्या दिवशी जरा बरं वाटलं म्हणून मी गच्चीवर जाऊन उभ्यानं आठही प्रकार केले, डोळ्यासमोर अंधारी आली, पाण्याच्या टाकीला धरून खाली बसले, सासूबाई धावत वर आल्या. हिमोग्लोबिन 8 वर आलेलं. तेव्हापासून उभ्यानं करायचं तर घरात कुणीतरी असताना आणि हाताशी खुर्ची ठेवून, हा नियम केला. तळपाय बधिर होत असतील तर अनवाणी उभं राहू नका, नीट बसणारी चप्पल घाला.

चालायचं असेल तर आमराईत किंवा कृष्णेच्या घाटावर भल्या पहाटे जा, गर्दी नसते, पांढऱ्या पेशी कमी असताना संसर्ग पटकन होतो म्हणून ते बघावंच लागतं. टाच आधी टेकवायची, सावकाश, दमायच्या आत घरी.

ताप 100.4 झाला, धाप लागली, छातीत दुखलं तर त्या दिवशी काही करायचं नाही, सरळ डॉक्टरांना फोन.

आणि केमोच्या दिवशी, सलाईन चालू असताना, सुईचा हात अजिबात हलवायचा नाही. दुसरा हात बेंबीखाली ठेवायचा आणि पोट वर-खाली होतंय तेवढं बघत राहायचं. मी डोळे मिटून तेच करायचे, शेजारच्या बेडवरच्या कवठेमहांकाळच्या मावशी पण मग करायला लागल्या.