उंदराचे वय आणि रक्त: नमुना घेण्यापासून आकडा वाचेपर्यंत

सात आठवड्यांच्या विस्टार (प्रयोगशाळेत वापरला जाणारा एक वाण) उंदरांवर ९० दिवसांचा प्रयोग लावला, तर शेवटचे रक्त घेताना ते वीस आठवड्यांचे झालेले असतात. औषधाचा एक थेंबही दिला नाही तरी या काळात तांबड्या पेशी वाढतात, पांढऱ्या कमी होतात आणि अल्कलाइन फॉस्फटेज (हाडे, आतडी यांतून रक्तात येणारे एक एन्झाइम) खाली येते. म्हणून सुरुवातीचा आकडा आणि शेवटचा आकडा समोरासमोर ठेवून ‘औषधाने पांढऱ्या पेशी घटल्या’ असे लिहिता येत नाही. तुलना त्याच वयाच्या, त्याच दिवशी रक्त घेतलेल्या कंट्रोल (औषध न दिलेल्या) गटाशीच करायची. (इथे उंदीर म्हणजे रॅट. माऊसचे आकडे वेगळे.)

वयाचे टप्पे आणि रक्ताचे माप

आयुष्यभराचा आलेख हवा असेल तर ३ आठवडे, ६ आठवडे, आणि पुढे ३, ६, १२, १८ व २४ महिने एवढे टप्पे पुरतात. पहिल्या तीन महिन्यांत बदल झपाट्याने होतात, म्हणून तिथे टप्पे जवळजवळ ठेवावेत. सहा ते बारा महिन्यांत फारसे काही घडत नाही. नर आणि मादी यांची सरासरी एकत्र काढू नये.

अंगातले रक्त किलोमागे साधारण ६४ मिली धरतात. म्हणजे २५० ग्रॅमच्या उंदरात १६ मिली. एका वेळी त्यातले १० टक्के, १.६ मिली, ही कमाल. त्यानंतर दोन आठवडे विश्रांती. ४५ ग्रॅमच्या पिल्लात हीच मर्यादा ०.३ मिलीच्या आत येते, तेव्हा हिमोग्राम (रक्तपेशींची मोजणी) आणि बायोकेमिस्ट्री (रक्तातील रसायनांची तपासणी) दोन्ही एकाच पिल्लातून मागू नये. उलट सुटलेल्या पोटाच्या ५५० ग्रॅमच्या म्हाताऱ्या नरात हे सूत्र जास्त रक्त दाखवते, कारण चरबीत रक्त कमी असते. तिथे किलोमागे ५५ मिली धरणे बरे. टप्पे, माप आणि रक्त घेण्याची जागा हे सगळे आधीच ठरवून संस्थेच्या प्राणी नीतिसमितीच्या अर्जात लिहावे लागते. समितीच्या मंजुरीशिवाय मधूनच एक टप्पा वाढवता येत नाही.

रक्त घेताना

सर्वांत मोठा घोटाळा इथे होतो. घाबरलेल्या उंदराच्या रक्तात कॉर्टिकोस्टेरॉन या तणावाच्या हार्मोनमुळे लिम्फोसाइट घटतात आणि न्यूट्रोफिल वाढतात (हे दोन्ही पांढऱ्या पेशींचे प्रकार). म्हातारपणीही नेमके असेच चित्र दिसते. तरुण उंदीर रोज हाताळलेले आणि म्हातारे वर्षभर पिंजऱ्यात नुसते पडून असलेले, अशी स्थिती असेल तर मोजमाप वयाचे होत नाही, भीतीचे होते. त्यामुळे सगळ्याच गटांना रक्त घेण्याआधी किमान पाच दिवस रोज दोन मिनिटे हातात घेऊन सवय लावावी.

वेळही एकच हवी. उंदराच्या पांढऱ्या पेशी दिवसा, त्याच्या झोपेच्या वेळी, जास्त असतात आणि रात्री उतरतात. सकाळी ९ ते ११ ही वेळ धरली तर गट एकामागून एक उरकू नयेत. एक तरुण, एक म्हातारा असा क्रम लावावा.

शेपटीच्या बाजूच्या शिरेतून घ्यायचे असेल तर शेपटी ४० अंशाच्या पाण्यात एक-दोन मिनिटे ठेवून पूर्ण कोरडी करावी, सुई टोकाकडच्या भागात घालावी आणि पहिला थेंब पुसून टाकावा. म्हाताऱ्या नराची शेपटी खवल्यांनी जाड झालेली असते, शीर दिसत नाही. अशा वेळी शेपटी पिळण्याचा मोह होतो. पिळली की ऊतींतले पाणी मिसळते, पेशी फुटतात आणि गुठळ्या धरतात. दुसरी एक गोष्ट: शेपटीच्या रक्तात पांढऱ्या पेशी हृदयातल्या रक्तापेक्षा जास्त भरतात. तेव्हा पहिले टप्पे शेपटीतून आणि शेवटचा हृदयातून, असे केले तर २४ महिन्यांची ‘घट’ आयतीच तयार होते.

ईडीटीएची (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाची) ०.५ मिलीची छोटी ट्यूब वापरावी, खुणेपर्यंत भरावी आणि हलक्या हाताने ८–१० वेळा उलटसुलट करावी. मोठ्या ट्यूबमध्ये चार थेंब टाकले तर ईडीटीए जास्त होऊन पेशी आकसतात आणि पीसीव्ही (रक्तातील तांबड्या पेशींचा टक्का) खोटा कमी येतो. प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या सूक्ष्म पेशी) अचानक दोन लाख (इथे आणि पुढे पेशींचे आकडे एका मायक्रोलिटरमागचे) दिसल्या तर आधी काडीने गुठळी शोधावी. निरोगी उंदरात त्या बहुधा सात लाखांच्या वर असतात.

मोजताना

मशीन माणसाच्या सेटिंगवर असेल तर आकडे वापरूच नयेत. माणसाची तांबडी पेशी ८०–१०० फेम्टोलिटरची (पेशीचे आकारमान मोजण्याचे अतिसूक्ष्म एकक), प्रौढ उंदराची ५२ ते ५८. लहान पेशी प्लेटलेटमध्ये गणल्या जातात.

नवजात पिल्लाचे रक्त हा तर वेगळाच प्रकार. तांबड्या पेशी कमी, पण एकेक पेशी शंभर फेम्टोलिटरच्या वर, आणि बहुतेक रेटिक्युलोसाइट, म्हणजे नुकत्याच तयार झालेल्या, अपक्व तांबड्या पेशी. लेशमन या रंगद्रव्याने रंगवलेल्या स्लाइडवर त्या मोठ्या, निळसर झाक असलेल्या दिसतात. मधूनमधून केंद्रक असलेल्या तांबड्या पेशीही असतात. मशीन त्यांना पांढऱ्या पेशी समजते. दुरुस्ती सोपी आहे: मोजलेला आकडा गुणिले १००, भागिले (१०० अधिक दर १०० पांढऱ्या पेशींमागे दिसलेल्या केंद्रकवाल्या पेशी). मशीनने ९,००० दाखवले आणि स्लाइडवर शंभरामागे ५० दिसल्या, तर खरा आकडा ६,०००. नवजात पिल्लांचे रक्त बहुधा एकत्र करावे लागते. तेव्हा ‘एक नमुना’ म्हणजे एक वेत, एक पिल्लू नव्हे.

आकडे वाचताना

प्रौढपणी हिमोग्लोबिन दर १०० मिली रक्तात १४–१६ ग्रॅमवर स्थिरावते आणि रेटिक्युलोसाइट दोन-तीन टक्क्यांवर येतात. उंदराची तांबडी पेशी सुमारे ६० दिवस जगते, माणसाच्या निम्मीच, म्हणून रेटिक्युलोसाइट आपल्यापेक्षा जास्त असणे साहजिक आहे.

पांढऱ्या पेशींत टक्केवारी हमखास फसवते. समजा, तीन महिन्यांच्या उंदरात एकूण १०,००० पेशी आणि न्यूट्रोफिल १४ टक्के. दोन वर्षांच्या उंदरात एकूण ५,००० आणि न्यूट्रोफिल २८ टक्के. अहवालात ‘न्यूट्रोफिल दुप्पट’ असे जाते. प्रत्यक्षात दोन्हीकडे ते १,४०० च आहेत, घटले ते लिम्फोसाइट. प्रत्येक प्रकाराची प्रत्यक्ष संख्या लिहायचीच.

बायोकेमिस्ट्रीत अल्कलाइन फॉस्फटेज आणि फॉस्फरस हाडांची वाढ मंदावते तसे उतरतात. कोलेस्टेरॉल आणि ग्लोब्युलिन (रक्तातील प्रथिनांचा एक गट) चढतात. फॉस्फटेजचा मोठा वाटा उंदरात आतड्यातून येतो, उपाशी ठेवले की तो घसरतो. उपास सगळ्यांना सारखाच हवा, पाणी मात्र चालू.

१८ महिन्यांनंतर वय आणि आजार वेगळे काढणे हे खरे काम. नरांत मूत्रपिंडाचा जुनाट विकार फार आढळतो. एरिथ्रोपोएटिन (मूत्रपिंडातून येणारे, तांबड्या पेशी तयार करवणारे हार्मोन) कमी पडून ॲनिमिया येतो, सोबत युरिया आणि क्रिएटिनिन वाढलेले असतात. माद्यांत स्तनाची गाठ फुटून चिघळली की न्यूट्रोफिल खरोखरच वाढतात. दात वाढून खाणेपिणे कमी झालेल्या उंदराचे हिमोग्लोबिन उलट छान दिसते, कारण अंगातले पाणी आटलेले असते. फिशर ३४४ वाणात तर मोठ्या दाणेदार लिम्फोसाइटचा ल्युकेमिया इतका आढळतो की पांढऱ्या पेशी लाखावर गेल्या तर मशीनला दोष देण्याआधी प्लीहा पाहावी.

म्हणून २४ महिन्यांच्या प्रत्येक उंदराच्या हिमोग्रामसोबत त्या दिवशीचे वजन, शवविच्छेदनातील प्लीहेचे वजन, मूत्रपिंडाची अवस्था आणि गाठींची नोंद एकाच ओळीत ठेवावी. आधीच्या टप्प्यांत मेलेल्यांचे शेवटचे आकडेही फेकू नयेत. दोन वर्षांपर्यंत पोचतात ते मुळात दणकट असतात, आणि फक्त त्यांच्यावरून काढलेला आलेख म्हातारपण आहे त्याहून सोपे दाखवतो.