हेडलाइट लख्ख, सेल्फ गप्प

जुन्या गाड्यांचं इलेक्ट्रिकल शिकायला येणाऱ्या पोरांना मी आधी एकच सांगतो. घरातली वीज डोक्यातून काढा. मी स्वतः आयटीआयचा इलेक्ट्रिशियन. दोन वर्षं २३० व्होल्ट शिकून रत्नागिरीजवळ हायवेवरच्या गॅरेजात लागलो, तेव्हा १२ व्होल्ट म्हणजे पोरखेळ वाटला होता. उघड्या वायरला हात लावला तरी काही होत नाही, मग यात शिकायचं ते काय? याच समजुतीपायी एका गिऱ्हाईकाचे साडेआठ हजार रुपये मी फुकट घालवले. त्यातले दोन हजार नंतर माझ्या पगारातून कापले गेले, आणि कापले ते बरोबरच होतं.

बॅटरी, सेल्फ (चावी मारल्यावर इंजिन फिरवणारी मोटर), डायनॅमो (बॅटरी चार्ज करणारा), रिले, फ्यूज कुठे असतात हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. आवाजावरून अंदाज घेणंही महिन्याभरात जमतं. चावी फिरवल्यावर ‘कट-कट-कट-कट’ असं भराभर वाजलं तर बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल सैल. एकच ‘कट’ होऊन शांत, तर सोलेनॉइडपर्यंत, म्हणजे सेल्फवरच्या स्विचपर्यंत, वीज पोचते पण मोटर ओढत नाही. सेल्फ नुसता गर्रकन फिरतो आणि इंजिन हलत नाही, तर बेंडिक्स, म्हणजे सेल्फला इंजिनशी जोडणारा गिअर. इंजिन जोमात फिरतं पण पकडत नाही, तर सेल्फला हात लावू नका, डिझेलला हवा पकडली का बघा, पेट्रोलला स्पार्क बघा. इथवर कुणीही शिकवतो. मी फसलो तो याच्या पुढे.

एप्रिलचे दिवस, आंब्याचा सीझन. पावसकडचे एक बागायतदार जुनी डिझेल पिकअप घेऊन आले. गाडी सेकंडहँड, आधीची काही वर्षं मिरकरवाड्याच्या बंदरातून मासळी वाहिलेली. तक्रार अशी की सकाळी एका चावीत लागते, दुपारी नुसतं ‘कट’ करते. मी मीटर लावला. बॅटरी १२.५. हेडलाइट लावून सेल्फ मारायला सांगितला, तर लाइट जराही मंद होईना. मग जंपर, म्हणजे दुसऱ्या बॅटरीतून वीज आणणाऱ्या जाड वायरी, लावला. आमच्याकडे जंपरचा काळा चिमटा बॅटरीवर नाही, इंजिनच्या लोखंडावर लावायची शिस्त आहे, कारण बॅटरीजवळ ठिणगी पडली तर तिच्यातला गॅस पेटतो. जंपर लागला आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू. मी खुशीत सांगितलं, ‘‘काका, बॅटरी गेली.’’

नवीन बॅटरी बसली. चार दिवस चालली. पाचव्या दिवशी परत ‘कट’. आता बॅटरी तर नवी, मग दोष सेल्फचाच. सेल्फ उतरवून टेबलावर बॅटरीला डायरेक्ट लावला तर भिंगरीसारखा फिरला. तिथेच मी थांबायला हवं होतं. पण उतरवलाच आहे तर म्हणून कार्बन बदलले, बुश बदलले, पुसून बसवला. गाडी लागली. काका पैसे देऊन गेले.

त्याच आठवड्यात रात्री नऊला फोन आला. मागे आंब्याच्या पेट्या भरलेल्या, पहाटे वाशीला माल पोचायचा, गाडी बागेत उभी. उस्ताद मला मागे बसवून बाइकवरून निघाले. वाटेत एक शब्द बोलले नाहीत, तेही बरंच झालं. तिथे पोचल्यावर त्यांनी टूलबॉक्स उघडलाच नाही. मला म्हणाले, ‘‘मार चावी. मारत राहा.’’ आणि स्वतः बॉनेटमध्ये हात घालून उभे राहिले. दोन-तीन वेळा ‘कट’ झालं, चौथ्यांदा सेल्फ म्हाताऱ्यासारखा कण्हला. मग त्यांनी मला बोलावून माझी बोटं अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलवर ठेवली. केबल भाजत होती. तिचं काळं प्लास्टिक एका जागी मऊ पडून आतली तार दिसायला लागली होती. अ‍ॅक्सिलरेटरची केबल, जिचा विजेशी काडीचा संबंध नाही!

‘‘बॅटरीतून निघालेली वीज परत घरी कुठून जाते रे?’’ त्यांनी विचारलं.

उत्तर मला पाठ होतं. सेल्फची बॉडी, इंजिन, अर्थिंगची पट्टी, चेसिस, बॅटरीचा मायनस. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून ते चेसिसला जोडायला ही जाड पट्टी लागते. टॉर्च मारला तर पट्टी जागेवर होती, बोल्टही घट्ट. मी आधी दोनदा ती नजरेखालून घातली होती, आणि ‘आहे’ म्हणून पुढे गेलो होतो. उस्तादांनी बोल्ट काढला. थिंबलखाली, म्हणजे पट्टीच्या टोकाच्या कडीखाली, चेसिसच्या बाजूला, तांब्यावर हिरवा भुगा आणि लोखंडावर गंजाचा पापुद्रा. मासळीच्या क्रेटमधलं बर्फाचं खारं पाणी हौद्यातून वर्षानुवर्षं नेमकं त्याच बोल्टवर टपकलेलं. वीज तिथून जाईना, म्हणून ती परतीला दुसरी वाट शोधत केबलमधून जात होती.

आता हे सावकाश समजून घ्या, कारण सगळी मेख इथे आहे. घरात पंख्याला अर्धा अँपियर लागत नाही. जोडाला ०.०१ ओहमचा अडथळा आला तरी काही कळतसुद्धा नाही. सेल्फ मात्र दीडशे-दोनशे अँपियर ओढतो. २०० गुणिले ०.०१ म्हणजे २ व्होल्ट, एवढ्याशा गंजात खलास. बारापैकी दोन. अडथळा थोडा वाढला की सेल्फच्या वाट्याला सहा-सात व्होल्ट उरतात आणि तो ‘कट’ करून बसतो. साध्या मीटरवर ०.०१ ओहम दिसत नाही. तुम्ही पट्टीच्या दोन टोकांना मीटरचा बझर लावाल, तो ‘पीं’ वाजेल, तुम्ही म्हणाल पट्टी ठीक. मी तेच केलं होतं. एखादा बारीक धागा शाबूत असला तरी बझर वाजतो.

आणि हेडलाइट लख्ख का होते? हेडलाइटचं अर्थिंग बॉडीला, बॉडी बॅटरीच्या मायनसला, सगळं नीट. बिघाड फक्त इंजिन आणि चेसिसच्या मध्ये. जंपरने गाडी का लागली? कारण माझा काळा चिमटा थेट इंजिनवर होता, खराब पट्टीला त्याने वळसा घातला. टेबलावर सेल्फ का फिरला? तिथे पट्टीच नव्हती. सगळे पुरावे एकाच बोल्टकडे बोट दाखवत होते आणि मी मात्र एकेक पार्ट बदलत सुटलो होतो.

म्हणून सेल्फ किंवा बॅटरी बदला असं सांगण्याआधी पाच मिनिटांचं काम करा. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. इंजिन सुरू होऊ नये म्हणून जुन्या डिझेलला पंपाच्या सोलेनॉइडची वायर काढा, पेट्रोलला कॉइलची. मीटर डीसी २० व्होल्टवर. एक टोक बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंटावर, वरच्या क्लॅम्पवर नव्हे, खुंटावरच. दुसरं टोक इंजिनच्या खरवडलेल्या उघड्या लोखंडावर. आता कुणाला तरी तीन-चार सेकंद सेल्फ मारायला सांगा. मीटर ०.२-०.३ च्या आत राहिला पाहिजे. त्या पिकअपला दुसऱ्या दिवशी मी लावला तेव्हा ५.८ दाखवला. मग एकेक तुकडा मोजत जा, खुंट ते क्लॅम्प, क्लॅम्प ते चेसिस, चेसिस ते इंजिन. जिथे आकडा उडी मारतो तिथे चोर. हेच प्लसच्या बाजूला, बॅटरीचा खुंट ते सेल्फचा मोठा बोल्ट, तिथे अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं. याच वेळी बॅटरीच्या दोन खुंटांवर साडेनऊच्या खाली आकडा गेला तर खुशाल बॅटरीवर संशय घ्या. मोजायचं ते ओझं असताना, म्हणजे सेल्फ ओढत असताना.

पट्टी बदलायला दोनशे-अडीचशे रुपये लागले. चेसिस पांढरं होईपर्यंत घासलं, थिंबल घट्ट बसवलं, वरून ग्रीस. ग्रीस जोडल्यानंतर लावायचं, आधी मध्ये थापायचं नाही.

आता शॉर्टकटबद्दल माझं स्पष्ट मत. चालू गाडीवर बॅटरीचं टर्मिनल काढून ‘डायनॅमो चार्ज करतो का’ बघणाऱ्या माणसाकडे काम शिकू नका, तो कितीही जुना असो. जुन्या काळच्या खऱ्या डायनॅमोला ते चालून गेलं असेल, आता आपण डायनॅमो म्हणतो तो अल्टरनेटर असतो, त्याचे डायोड उडतात. मीटर लावा, चालू गाडीला १३.८ ते १४.४ दिसलं की झालं. फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळणारा दुसरा. स्क्रू ड्रायव्हरने सेल्फचे बोल्ट जोडून तो चावीशिवाय डायरेक्ट फिरवणं मीही करतो, खोटं कशाला बोलू. पण गाडी गिअरमध्ये आहे का हे स्वतः बघितल्याशिवाय नाही. जुनं डिझेल गिअरमध्ये असताना लागलं तर अंगावर येतं. हातातली अंगठी, कडं काढून ठेवा आणि टर्मिनल काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी.

उस्ताद मात्र असा शोधा जो प्रश्न विचारतो. पार्ट बदलून शिकवणाऱ्याकडे हात लवकर बसतो, डोकं बसत नाही. माझे उस्ताद शिव्या पुष्कळ देतात, त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही. मी दोनदा सोडून जाणार होतो.

आपल्या किनाऱ्याला हे जास्त छळतं. खारा वारा बारा महिने, त्यात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. घाटावरची दहा वर्षांची गाडी आणि इथली दहा वर्षांची गाडी यात फरक असतोच. कुणी जुनी गाडी घेताना दाखवायला आणली तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. चिपळूणच्या २२ जुलै २०२१ च्या पुरात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून विकल्या गेल्या. बेल्टच्या आतल्या टोकाला गाळाची रेघ दिसली तर वायरिंगचे सगळे कपलर, म्हणजे वायरी जोडणारे प्लग, संशयित. अशी गाडी घ्यायचीच असेल तर स्वस्तात घ्या आणि कपलर एकेक उघडून साफ करायची तयारी ठेवा.

मुंबईकरांच्या गाड्यांचं दुखणं वेगळं. गणपतीला आणलेली गाडी शिमग्यापर्यंत पडवीत उभी, आणि आल्यावर तक्रार, ‘‘बॅटरी तर यंदाच टाकली!’’ लपून अर्धा अँपियर ओढणारं काहीतरी असलं, जुनं टेप म्हणा, डिकीचा दिवा म्हणा, तर दिवसाला १२ अँपियर-तास जातात. ४५ ची बॅटरी चार दिवसांत झोपते. मायनसच्या मध्ये मीटर दहा अँपियरच्या भोकात लावून बघा, ५० मिलीअँपियरच्या आसपास असेल तर ठीक, जास्त असेल तर फ्यूज एकेक काढत जा. मीटर तसा लावलेला असताना चावी मात्र मारू नका. मी मारली होती. मीटरचा फ्यूज गेला आणि मीटर मेला समजून मी नवा घेऊन आलो.

पावसचे काका अजून आमच्याकडेच येतात. माझ्यावरचा राग गेला का, हे त्यांना कधी विचारलं नाही. मी पार्टबिर्ट बदलायचं म्हटलं की ते काही बोलत नाहीत, बॉनेट उघडतात, अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलवर दोन बोटं ठेवतात आणि मला म्हणतात, ‘‘हं, मार चावी.’’