मास्टोडॉन, ब्लूस्काय, नॉस्टर: उजव्या विचाराची सकस चर्चा कशी शोधायची

मास्टोडॉन या एका कंपनीच्या मालकीच्या नसलेल्या सोशल नेटवर्कवर खातं उघडून शोधपेटीत इंग्रजीत 'कन्झर्व्हेटिव्ह' टाकलं की समोर येतो तो बहुतेक अमेरिकेचा वाद: बंदुका, गर्भपात, ट्रम्प. त्यातही तो शब्द वापरणाऱ्यांत त्या विचारावर टीका करणारेच जास्त. हिंगणघाट किंवा पांढरकवड्यात बसून वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. म्हणून विचारसरणीचं नाव शोधू नका, प्रश्न शोधा. ग्रामसभेचे अधिकार, जमिनीची पिढीगणिक होणारी तुकडेवाटणी, छोटी राज्यं, मातृभाषेतली शाळा, कापसाचं आयात शुल्क असे प्रश्न.

कापसाचंच घ्या. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क काढलं, आधी 30 सप्टेंबरपर्यंत आणि मग 31 डिसेंबरपर्यंत. या एका निर्णयावर उजवीकडे सरळ दोन तट पडतात. राजाजी आणि मिनू मसानींच्या 1959 च्या स्वतंत्र पक्षापासून शरद जोशींपर्यंत आलेली खुल्या बाजाराची धारा शेतमालावरची सरकारी बंधनं काढा म्हणते. स्वदेशीची आणि दीनदयाळ उपाध्यायांच्या एकात्म मानववादाची धारा देशी उत्पादन आणि गावगाडा आधी जपायला सांगते. ज्या धाग्यात, म्हणजे एका पोस्टखालच्या उत्तरांच्या साखळीत, हे दोन्ही लोक एकमेकांना उत्तर देत असतील तो धागा राखून ठेवा. तिथे लिहिणारी चार-पाच माणसं हेच तुमचं खरं भांडवल.

आता सर्व्हर, म्हणजे कुणीतरी स्वतंत्रपणे चालवलेलं, तुमचं खातं जिथे राहतं ते ठिकाण. फेडिव्हर्स म्हणजे ॲक्टिव्हिटीपब या नियमाने एकमेकांशी बोलणारे हजारो स्वतंत्र सर्व्हर. त्यातलं मास्टोडॉन 2016 पासून आहे, ॲक्टिव्हिटीपबला डब्ल्यूथ्रीसी या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेची मान्यता जानेवारी 2018 मध्ये मिळाली. इथे बहुतेक जण एकच चूक करतात: 'उजव्यांसाठी' म्हणून मिरवणारा सर्व्हर निवडतात. गॅब या अमेरिकेतल्या कडव्या उजव्यांच्या नेटवर्कने जुलै 2019 मध्ये मास्टोडॉनचा कोड घेतला तेव्हा असंख्य सर्व्हरांनी त्याला तोडून टाकलं. ट्रम्प यांचं ट्रुथ सोशलही त्याच कोडवर उभं आहे, पण बाकीच्यांशी ते जोडलेलंच नाही. अशा ठिकाणी खातं काढलं तर तुमचं म्हणणं बाहेर कुणाला दिसत नाही आणि आत फक्त टाळ्या ऐकू येतात.

त्यापेक्षा सर्वसाधारण सर्व्हर घ्या. खातं काढण्याआधी त्याचं 'अबाउट' पान उघडून दोन गोष्टी वाचा. नियमांत वागणुकीवर बोट आहे की मतांवर, हे पाहा: 'शिवीगाळ नको' ठीक, 'अमुक विचार नको' असेल तर पुढे जा. दुसरी, मॉडरेटेड सर्व्हरांची यादी, म्हणजे या सर्व्हरने कोणते सर्व्हर तोडले किंवा मर्यादित केले ते. तोडलेल्या सर्व्हरांसमोर स्पॅम, छळ अशी कारणं लिहिलेली असतील तर चालवणारा जबाबदार आहे. शेकडो नावं आणि कारण एकाचंही नाही, तर तिथून तुम्हाला अर्धं जग दिसणार नाही. काही सर्व्हर यादी जाहीर करत नाहीत. चालवणाऱ्याला विचारा, सरळ उत्तर न आल्यास सोडून द्या. नंतर सर्व्हर बदलता येतो. अनुयायी नव्या खात्यावर येतात, जुन्या पोस्ट मात्र येत नाहीत.

शोधाची खरी मेहनत टॅगांवर (# लावून लिहिलेल्या विषयाच्या शब्दांवर) आहे. मास्टोडॉनवर टॅग फॉलो करता येतो, मग त्या टॅगच्या पोस्ट घरच्या पानावर आपोआप येतात. मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत एकाच प्रश्नाचे टॅग फॉलो करा, कारण मराठीत लिहिणारे अजून विरळ आहेत आणि भारतातली बरीच चर्चा इंग्रजीत चालते. दोन शब्दांचा टॅग जोडून लिहा, मध्ये जागा सोडली की तो तिथेच तुटतो. मजकुरातला शब्द शोधण्याची सोय 4.2 आवृत्तीपासून (2023) आहे, पण ज्यांनी परवानगी दिली त्यांच्याच पोस्ट सापडतात आणि सर्व्हरवर ती सोय चालू असावी लागते. शोध कोरा आला म्हणजे कुणी लिहिलंच नाही, असं समजू नका.

माणूस सापडला की लगेच फॉलो करू नका. त्याच्या प्रोफाइलवर जाऊन 'पोस्ट आणि उत्तरं' हा भाग उघडा आणि मागच्या वीस-तीस नोंदी वाचा. पोस्ट कुणीही सजवून लिहितो, उत्तरांत माणूस कळतो. विरोधकाचा मुद्दा त्याच्याच शब्दांत मांडतो का? कायद्यावर बोलताना विधेयकाच्या मजकुराचा दुवा देतो की दुसऱ्याच्या रागाचा? आपल्या पक्षाचं सरकार चुकलं तेव्हा कधी बोलला का? या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल तर तो पक्षाचा प्रचारक आहे, विचारी उजवा नव्हे. जुन्या संस्था का टिकल्या आणि त्या मोडल्या तर गावात काय उसवेल, हे दाखवणारा माणूस विरळा असतो. मतं पटली नाहीत तरी तो यादीत हवाच.

अशी माणसं वेगळ्या लिस्टमध्ये टाका आणि रोज तेवढीच लिस्ट वाचा. निवडणुकीच्या दिवसांत नेत्यांच्या नावांचे फिल्टर लावा, मुदत एक आठवडा ठेवा. कायमचे लावले तर कामाच्या पोस्टही गळतात.

एक अडचण नवख्यांना हमखास चकवते. दुसऱ्या सर्व्हरवरच्या पोस्टखाली तुम्हाला दोनच उत्तरं दिसतात, प्रत्यक्षात चाळीस असतात. तुमच्या सर्व्हरपर्यंत ती पोहोचलेलीच नसतात. नव्या आवृत्त्यांत यात सुधारणा आहे, तरी महत्त्वाचा धागा मूळ सर्व्हरवर उघडूनच वाचा. उत्तर द्यायचं असेल तर त्या पोस्टचा पत्ता आपल्या सर्व्हरच्या शोधपेटीत चिकटवा, पोस्ट तुमच्याकडे येते.

ब्लूस्काय हे ट्विटरसारखं दुसरं नेटवर्क फेब्रुवारी 2024 पासून सर्वांना खुलं आहे. तिथे 300 अक्षरांची मर्यादा आहे, मास्टोडॉनवर साधारण 500. नोव्हेंबर 2024 च्या अमेरिकी निवडणुकीनंतर तिथे आलेल्यांत डावीकडचे पुष्कळ, म्हणून ॲप स्वतः निवडून दाखवतं त्या 'डिस्कव्हर' फीडवर विसंबू नका. विषयवार फीड आणि स्टार्टर पॅक (कुणीतरी निवडून दिलेल्या खात्यांच्या याद्या) शोधा. कुणाच्या ब्लॉक यादीत तुमचं नाव गेलं तर ती यादी वापरणाऱ्या सगळ्यांना तुम्ही दिसेनासे होता. त्यामुळे पहिले काही आठवडे वाचा जास्त, लिहा कमी.

नॉस्टर या तिसऱ्या नेटवर्कवर खातं म्हणजे चाव्यांची एक जोडी. तिथे बंधनं जवळजवळ नाहीत, बाजारवादी आणि बिटकॉइनवाले भरपूर, स्पॅमही तसाच. 'एनपब' (npub) ही चावी जगाला द्यायची, 'एनसेक' (nsec) ही गुप्त चावी कुणालाच नाही. पासवर्ड परत मिळवण्याची सोय नाही, म्हणून एनसेक कागदावर लिहून कपाटात ठेवा.

नेट कमजोर असेल तर टस्कीसारखं मास्टोडॉनचं हलकं अँड्रॉइड ॲप घ्या, व्हिडिओ आपोआप चालणं बंद करा. निवडक माणसांच्या मास्टोडॉन प्रोफाइल पत्त्यापुढे '.rss' जोडून तो पत्ता फीड वाचण्याच्या ॲपमध्ये टाका. रेंज असताना ते ॲप नव्या पोस्ट उतरवून घेतं, शेतात ओलिताच्या पाळीवर बसून वाचता येतं.

प्रश्न विचारताना एकच मुद्दा, आणि तोही गावातला घ्या. 'तुम्ही हमीभावाला विरोध करता. सीसीआयची (भारतीय कापूस महामंडळाची) खरेदी बंद पडली तर ओलावा जास्त दाखवून व्यापारी भाव पाडतो, त्यावर बाजारात कोणता उपाय आहे?' अशा प्रश्नाला गंभीर माणूस उत्तर देतोच. 'तुम्हा लोकांना शेतकऱ्याची किंमत नाही' असं लिहिलं की धागा तिथेच सडतो. चार जण अंगावर आले तर तो संवाद म्यूट करा, खातं बंद करू नका.

मास्टोडॉनवरचा खासगी संदेश सर्व्हर चालवणाऱ्याला वाचता येतो, आणि काढून टाकलेली पोस्ट इतर सर्व्हरांवर उरू शकते. गावच्या सरपंचाबद्दल, सोसायटीच्या कर्जाबद्दल नावानिशी काही लिहिणार असाल तर ते पाठवण्याआधी पुन्हा वाचा.