हिवाळ्यात अल्माटीला जाताना बॅग कशी भरायची

माझी भाची कझाकस्तानातल्या अल्माटी शहरात मेडिकलला आहे. गेले चार हिवाळे मी तिच्याकडे जाऊन येते आहे, त्यातले दोन आईला सोबत घेऊन. निघायच्या आधी दर वेळी कोणी ना कोणी सांगतंच, ‘तिकडे मरणाची थंडी, एक चांगलं जाडजूड जॅकेट घे म्हणजे झालं.’ हा सल्ला ऐकून मी पहिल्या वर्षी आजारी पडले. म्हणून हे लिहिते आहे, आणि यातला बराचसा भाग कपड्यांवर आणि बुटांवरच आहे.

आधी कागदपत्रं आणि पैसे. भारतीय पासपोर्टवर कझाकस्तानात 14 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. परतीचं तिकीट आणि राहण्याचा पत्ता छापून जवळ ठेवा. रुपये नेऊन उपयोग नाही. स्वच्छ, न दुमडलेल्या डॉलरच्या नोटा न्या आणि तिथे टेंगे, म्हणजे तिथलं चलन, करून घ्या.

प्लगपॉइंट दोन गोल पिनांचे असतात. मोबाइलचा चार्जर चालतो, लॅपटॉपच्या तीन पिनांना अ‍ॅडॉप्टर लागतो. पॉवर बँक केबिन बॅगेतच ठेवायची. थंडीत फोनची बॅटरी भराभर उतरते, त्यामुळे ती रोज लागणार आहे. टॅक्सीसाठी यांडेक्स गो, नकाशासाठी टूजीआयएस आणि रशियन भाषांतराचं अ‍ॅप घरूनच उतरवून घ्या.

आता कपडे.

जानेवारीत शहरात दिवसा पारा शून्याच्या आसपास असतो आणि रात्री सहज उणे 10 पर्यंत जातो. हे सगळ्यांना माहीत असतं. माहीत नसतं ते आतलं तापमान. सोव्हिएत काळापासून तिथे मध्यवर्ती केंद्रातून गरम पाणी पाइपांनी इमारतींमध्ये खेळवलेलं असतं. भाचीच्या घरातला रेडिएटर कमी-जास्तही करता येत नाही. बाहेर बर्फ आणि घरात पंचवीस अंश. मेट्रो, मॉल, दुकानं, संग्रहालयं, सगळीकडे तेच. दिवसातून दहा वेळा तुम्ही पुण्याच्या मार्चमधून थेट फ्रीझरमध्ये जाता आणि परत येता.

पहिल्या वर्षी माझ्या अंगावर सुती बनियन, त्यावर सुती थर्मल, दोन स्वेटर आणि ते जाडजूड जॅकेट होतं. मेट्रोत घामाघूम झाले. स्वेटर डोक्यातून काढायचे, गर्दीत काढणार कुठे? तशीच बाहेर पडले आणि कोक-तोबेच्या टेकडीवर संध्याकाळच्या वाऱ्यात उभी राहिले. पाठीला चिकटलेलं ओलं बनियन बर्फाच्या फडक्यासारखं लागत होतं. पुढचे तीन दिवस तापात गेले. दोष थंडीचा नव्हता, सुताचा होता. सूत घाम पितं आणि धरून ठेवतं, आणि ओलं कापड अंगातली ऊब ओढून घेतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हाच त्याचा गुण आहे. अल्माटीत तो तुम्हाला आजारी पाडतो.

म्हणून अंगालगत सुती काहीही नको. आतला थर पॉलिस्टरच्या किंवा मरिनो लोकरीच्या थर्मलचा, अंगाला चिकटून बसणारा. दोन जोड पुरतात, कारण रात्री धुऊन रेडिएटरवर टाकलेला जोड सकाळी खडखडीत वाळलेला असतो. दहा दिवसांसाठी सात-आठ जोड नेणाऱ्यांनी बॅग उगाच भरलेली असते. मधला थर फ्लीसचा, म्हणजे मऊ, लवदार कृत्रिम कापडाचा. वरचा थर वारा आणि पाणी अडवणारा, टोपीवाला, कंबरेखाली येणारा. मधला आणि वरचा, दोन्ही पुढून पूर्ण उघडणाऱ्या चेनचे हवेत. यावर मी अडून बसते. मेट्रोच्या जिन्यावर पाय ठेवतानाच चेन उघडायची, घाम यायच्या आधी. डोक्यातून घालायचा स्वेटर कितीही सुंदर असला तरी घरी ठेवा.

आणखी एक गोष्ट इथे कोणी सांगत नाही. तिथल्या संग्रहालयांत आणि नाट्यगृहांत शिरताना जॅकेट दाराशी ‘गार्देरोब’मध्ये जमा करतात आणि टोकन देतात. म्हणजे पुढचे दोन तास तुम्ही मधल्या थरावर वावरणार. तो चारचौघांत शोभेल असा घ्या. पासपोर्ट आणि पैसे जॅकेटच्या खिशात कधीही ठेवू नका. कमरेच्या पाऊचमध्ये किंवा आतल्या कपड्यांच्या खिशात ठेवा.

जीन्स नकोच. तीही सुतीच, आणि भिजली की पायाला गार पत्र्यासारखी लागते. थर्मलवर पाणी न धरणारी पँट घाला. आई पहिल्या वेळी सुती सलवारीवर ठाम होती. वितळलेल्या बर्फाच्या चिखलात सलवारीचे काठ घोट्यापर्यंत भिजले, तेव्हा तिने स्वतःच माझी जादा पँट मागून घेतली. नंतर वर तिचा नेहमीचा कुर्ता आणि खाली ती पँट, अशी ती मजेत फिरली. शहराजवळच्या डोंगरात शिंबुलाक हे स्कीचं ठिकाण आहे, तिथे स्कीचे कपडे भाड्याने मिळतात, ते घरून नेऊ नका. पण तिथल्या गारठ्याला कमी लेखू नका. तिकडे नेणाऱ्या गोंडोलाचं (रोपवेचं) स्टेशन मेदेऊच्या बर्फाच्या रिंकजवळच, 1,700 मीटरच्या आसपास, आहे. शिंबुलाकचा तळ 2,260 मीटरवर, आणि पुढचे पाळणे जवळपास 3,200 मीटरपर्यंत नेतात. त्या दिवसापुरतं घडी होऊन पिशवीत मावणारं पिसांचं हलकं जॅकेट फ्लीसवर चढवा. चढताना घाई करू नका, दम लागतो.

बुटांचंही तसंच. स्पोर्ट्स शूज घेऊन जाणारे खूप भेटतात. जाळीतून पाणी आत येतं आणि गुळगुळीत तळवा बर्फावर सरकतो. अल्माटी उताराचं शहर आहे, दक्षिणेला डोंगर आणि उत्तरेकडे सगळा उतार. दुपारी वितळलेलं पाणी रात्री फुटपाथवर काचेसारखं गोठतं. शिवाय रस्त्यांच्या कडेने ‘अरिक’ नावाच्या उघड्या चाऱ्या वाहतात, डोंगरातलं पाणी शहरात फिरवणाऱ्या. बर्फ पडला की त्या झाकल्या जातात. भाची माझा हात धरून ओढते ती याच जागी. तुम्ही झाडांच्या रांगेला लागून कडेने चालूच नका.

बूट घोट्याच्या वर येणारे, पाणी न शिरणारे, मऊ रबराच्या खोल नक्षीच्या तळव्याचे हवेत. घेताना दुकानात लोकरीचे मोजे घेऊनच जा आणि ते घालून मापून पाहा. पुढे बोटं हलली पाहिजेत. घट्ट बुटात दोन जोड मोजे कोंबले की पाय जास्त गारठतात, कारण ऊब धरणारी हवाच आत राहत नाही. अंगठा वेगळा असलेले आपले मोजे चपलेसाठी आहेत, बुटात त्यांचा काच होतो. ज्येष्ठ मंडळी सोबत असतील तर तिथे पोचल्याबरोबर ‘लेदोस्तुपी’ विकत घ्या. बुटावर चढवायची ही काटेरी रबरी पट्टी असते. आईसाठी मी पहिल्याच दिवशी घेतली, नंतर तिने एकदाही माझा हात मागितला नाही.

हातमोजे दोन जोड, आत पातळ आणि वर पाणी अडवणारे. नुसत्या लोकरीच्या मोज्यांनी बर्फ उचललात की ते ओले झालेच. कानटोपी आपली छानच, फक्त आतून फ्लीसचं अस्तर असलेली घ्या, लोकरीच्या विणीतून वारा आत घुसतो. गॉगल आणि सनस्क्रीन विसरू नका, बर्फावरचं ऊन तोंड भाजतं. गरम खोल्यांमुळे हवा कोरडी पडते, तेव्हा व्हॅसलीन आणि ओठांचं मलम न्या. खोबरेल तेल जॅकेटच्या खिशात ठेवलंत तर दगड होतं.

शाकाहारी असाल तर खाण्याची थोडी सोय घरूनच करा. तिथे मांस भरपूर, घोड्याचंही. भोपळ्याचे मांती (मोमोसारखे वाफवलेले) मिळतात, बाजारात बाउरसाक (तळलेले पिठाचे गोळे) मिळतात, पण त्यावर आठवडा निघत नाही. मी धपाटे, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि भाजलेले पोहे नेते. शारजा किंवा अबूधाबीला विमान बदलणार असाल तर एक कळकळीची विनंती: बॅगेत खसखस नको. तिथे तिच्यावर बंदी आहे. त्यामुळे अनारसे आणि खसखस घातलेला मसाला घरीच ठेवा.

औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि झोपेच्या गोळ्या सहज म्हणून टाकू नका. खरंच लागत असतील तर नियम आधी तपासून, इंग्रजी चिठ्ठीसह न्या.

सगळं भरून झालं की एक थर्मल, टोपी आणि हातमोजे केबिन बॅगेत काढून ठेवा, बूट पायात घाला आणि जॅकेट हातात घ्या. मोठी बॅग उशिरा आली तरी विमानतळाच्या दारातून टॅक्सीपर्यंत तुम्हाला चालायचंच आहे. आणि मोठ्या बॅगेचा एक कोपरा रिकामा सोडा. परतताना त्यात अल्माटीच्या ‘ग्रीन बझार’मधला सुकामेवा आणि ‘राखात’ या तिथल्या कंपनीची चॉकलेटं भरायची आहेत.