कामाची भिंत : संस्थेतला संवाद आणि समन्वय चित्ररूप साधनांनी कसा सुधारावा

पावसाळ्यात कृष्णेचे पाणी चढू लागले की सांगलीत जो तो आयर्विन पुलाजवळची पातळी विचारू लागतो. ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ फूट म्हणजे धोका, हे इथे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. नदीकाठच्या वस्त्यांतील कुटुंबांना आपला उंबरा किती फुटांवर भिजतो याचाही अंदाज असतो, आणि २०१९ च्या महापुरात पातळी ५७ फुटांच्या घरात गेल्यापासून तो अधिकच पक्का झाला आहे. एका आकड्यावरून हजारो माणसे सामान माळ्यावर कधी टाकायचे आणि जनावरे कधी हलवायची हे ठरवतात. हे शक्य होते, कारण माप एकच आहे, ते सर्वांना कळते आणि कोणत्या आकड्याला काय करायचे हे पाणी येण्यापूर्वीच ठरलेले आहे.

संस्थांमधले काम मात्र बहुधा डोळ्यांना दिसत नाही. ते कुणाच्या तरी वहीत, संगणकातील फाइलमध्ये, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात वर सरकून गेलेल्या निरोपात किंवा जुन्या फोरमनच्या डोक्यात असते. दोन खात्यांत वाद होतो तेव्हा पुष्कळदा मतभेद नसतोच. दोघांकडे एकाच कामाची दोन वेगळी चित्रे असतात. ती दोन्ही भिंतीवर एका जागी आणणे, हा या मार्गदर्शनाचा विषय आहे. त्यासाठी लागणारे साहित्य साधे आहे : पांढरा फळा, खाकी कागदाचे मोठे ताव, चिकटपट्टीच्या चौकोनी चिठ्ठ्या आणि जाड टोकाची पेने. लागणारी शिस्त मात्र साधी नाही, म्हणून पुढील मजकुरात तिच्यावर अधिक भर दिला आहे.

आधी प्रश्न, मग चित्र

फळा टांगण्यापूर्वी संस्थेला नेमके काय कळत नाही, हे एका वाक्यात लिहून काढावे. 'काम कुठे अडते ते कळत नाही' या प्रश्नाला कार्डांचा फळा लागतो. 'कागद कुणाकडून कुणाकडे जातो ते कळत नाही' याला प्रवाहाचा नकाशा लागतो. 'ठरलेल्या तारखेला काम उरकेल का' याला आडव्या पट्ट्यांचा काळतक्ता, आणि 'हा दोष वारंवार का येतो' याला कारणांची मांडणी. एका भिंतीवर एकाच प्रश्नाचे उत्तर असावे. हजेरी, सुरक्षेच्या घोषणा, वाढदिवस आणि उत्पादनाचे आकडे एकाच फळ्यावर कोंबले, की आठवड्याभरात त्याकडे कुणी बघत नाही.

कार्डांचा फळा

बहुतेक छोट्या संस्थांनी येथून सुरुवात करावी. टोयोटाच्या कारखान्यात ताइची ओनो यांनी कार्डांवर चालणारी कानबान पद्धत १९५० च्या दशकात बसवली. पुढच्या टप्प्याला गरज पडेल तेव्हाच मागच्याने माल द्यावा, हा तिचा गाभा होता. आज कार्यालयांत वापरले जाणारे फळे हे त्याच कल्पनेचे पुढचे रूप आहे.

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील एखादे मशीन शॉप डोळ्यांसमोर आणावे. कोल्हापूरच्या फाउंड्रीतून कास्टिंग (धातूचे ओतीव भाग) येतात, लेथवर आणि व्हीएमसीवर (धातू कापणाऱ्या संगणकचालित यंत्रावर) काम होते, काही जॉब प्लेटिंगसाठी, म्हणजे धातूचा मुलामा देण्यासाठी, बाहेर जातात, परत आल्यावर इन्स्पेक्शन आणि मग डिस्पॅच. या क्रमानेच फळ्यावर उभे रकाने आखावेत, म्हणजे 'करायचे, चालू, झाले' अशा ढोबळ नावांऐवजी प्रत्यक्ष कामाच्या जागांची नावे द्यावीत. 'प्लेटिंगला बाहेर' हा रकाना अवश्य असावा, कारण गेटबाहेर गेलेला माल सर्वांच्या विस्मरणात जातो आणि ग्राहकाचा फोन आला की त्याची आठवण होते.

प्रत्येक जॉबचे एक कार्ड करावे. त्यावर ग्राहकाचे किंवा पार्टचे नाव, नग, कबूल केलेली तारीख आणि सध्या जबाबदार असलेल्या एकाच व्यक्तीचे नाव लिहावे; दोन नावे लिहिली की जबाबदारी मधल्या मध्ये राहते. कार्ड ज्या दिवशी एखाद्या रकान्यात आले ती तारीख कोपऱ्यात टाकावी आणि पुढे ते तिथेच राहील त्या प्रत्येक दिवसासाठी एक ठिपका द्यावा. ठिपक्यांची रांग वाढलेले कार्ड कुणालाही दाखवावे लागत नाही. काम अडले असेल तर कार्डावर लाल चिठ्ठी लावून कारण चार शब्दांत लिहावे : 'ड्रॉइंगची नवी आवृत्ती आली नाही', 'गेज कॅलिब्रेशनला गेले', 'इन्सर्ट संपले'.

यानंतर येते मर्यादा, आणि बहुतेक ठिकाणी नेमकी तीच गाळली जाते. प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर तिथे एका वेळी जास्तीत जास्त किती कार्डे चालतील हे लिहावे. यामागे एक साधे गणित आहे, ज्याची सिद्धता अमेरिकेतील जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केली : आत असलेल्या कामांची सरासरी संख्या म्हणजे रोज बाहेर पडणारी कामे गुणिले एका कामाला लागणारा सरासरी काळ. शॉपमध्ये ६० जॉब पडून असतील आणि रोज ६ बाहेर पडत असतील, तर प्रत्येक जॉब सरासरी १० दिवस आत राहणार. बाहेर पडण्याचा वेग तोच ठेवून आत ३० च जॉब घेतले, तर तोच काळ ५ दिवसांवर येतो. नवे मशीन घ्यावे लागत नाही, जादा पाळी लावावी लागत नाही. इन्स्पेक्शनला एकच माणूस असेल आणि तिथली मर्यादा ३ असेल, तर चौथे कार्ड घेऊन आलेल्या ऑपरेटरने नवा जॉब चढवण्याऐवजी इन्स्पेक्शनची कोंडी फोडायला हात लावावा. सहकार्याविषयीच्या अनेक भाषणांपेक्षा ही एक मर्यादा माणसांना अधिक एकत्र आणते, असे माझे ठाम मत आहे.

फळ्यासमोरची १० मिनिटे

पाळी बदलताना दोन्ही पाळ्यांच्या लोकांनी फळ्यासमोर १० मिनिटे उभे राहावे. वाचन उजवीकडून, म्हणजे डिस्पॅचच्या बाजूने सुरू करावे, कारण जे काम पूर्ण होण्याच्या बेतात आहे ते आधी बाहेर पडले पाहिजे. 'तू काल काय केलेस' हा प्रश्न टाळून 'हे कार्ड पुढे जायला काय हवे' असे विचारावे. पहिल्या प्रश्नाने माणसाची झाडाझडती होते, दुसऱ्याने कामाची चौकशी होते. कार्ड हलवायचे ते ज्याचे काम आहे त्यानेच, स्वतःच्या हाताने. सुपरवायझरने सर्वांच्या वतीने कार्डे हलवायला सुरुवात केली की फळा त्याचा होतो आणि बाकीचे प्रेक्षक होतात.

या सगळ्याचा पाया एकाच गोष्टीवर आहे. लाल चिठ्ठी लावणाऱ्याला बोलणी बसली, तर दुसऱ्या दिवसापासून फळ्यावर लाल रंग दिसणार नाही. अडचणी तितक्याच राहतील, फक्त त्या पुन्हा वह्यांत आणि डोक्यात जाऊन बसतील. टोयोटाच्या जुळणी साखळीवर दोष दिसताच कामगार दोरी ओढतो, दिवा लागतो आणि गटप्रमुख मदतीला धावतो, ही अँडनची व्यवस्था प्रसिद्ध आहे. तिच्यात दिव्याहून महत्त्वाचे आहे ते गटप्रमुखाचे मदतीला येणे. म्हणून मालकाने किंवा व्यवस्थापकाने पहिले काही आठवडे स्वतः उभे राहून, लाल चिठ्ठी लावणाऱ्याला 'बरे झाले सांगितलेस, मी काय करू' असे सर्वांसमोर म्हणावे आणि त्याच दिवशी किमान एक लाल चिठ्ठी सोडवून दाखवावी. एवढी तयारी नसेल, तर फळा न लावलेलाच बरा.

कागदाचा प्रवास

पतसंस्था, रुग्णालय, शिक्षणसंस्था अशा ठिकाणी वस्तूंऐवजी कागद फिरतात. फ्रँक गिलब्रेथ यांनी १९२१ मध्ये अमेरिकन अभियंत्यांपुढे प्रक्रियेचा आलेख मांडला, तेव्हापासून ही पद्धत रुळली आहे. भिंतीवर खाकी कागद लावून प्रत्येक विभागासाठी एक आडवा पट्टा आखावा : सभासद, काउंटर, कर्ज विभाग, शाखाधिकारी, कर्ज समिती. मग एका खऱ्या कर्जप्रकरणाची फाइल हातात घेऊन ती कुठून कुठे गेली ते चिठ्ठ्यांनी लावत जावे. नियमपुस्तिकेत काय लिहिले आहे ते बाजूला ठेवावे. ज्यांच्या टेबलावरून फाइल गेली त्या माणसांनीच सांगावे, आणि शिपायाला या बैठकीतून वगळू नये, कारण फाइल कुठे पडून राहते हे त्याला सर्वांत अधिक ठाऊक असते.

प्रत्येक टप्प्याखाली दोन प्रकारचा वेळ लिहावा : प्रत्यक्ष कामाला लागलेला आणि नुसती वाट पाहण्यात गेलेला. शाखाधिकाऱ्यांची सही दोन मिनिटांत होते, पण समितीची बैठक पंधरवड्याने असते, हे तिथे उघड दिसते. फाइल एका पट्ट्यातून दुसऱ्यात जाते त्या प्रत्येक बाणाजवळ, पुढच्याला पूर्ण कागद मिळाले की नाही हे विचारावे. अपुऱ्या सातबारामुळे किंवा जामीनदाराच्या राहिलेल्या सहीमुळे मागे फिरणारे बाण लाल रंगाने काढावेत. काउंटरवर लावलेली कागदपत्रांची एक सचित्र यादी त्यातले कित्येक बाण पुसून टाकू शकते.

तारखेला बांधलेली कामे

साखर कारखान्याच्या ऑफ सीझनमधील दुरुस्तीसारख्या कामांना काळतक्ता हवा. हेन्री गँट यांच्या नावाने तो १९१० च्या दशकात रूढ झाला, तरी त्याआधी १८९६ मध्ये पोलंडचे कारोल आदामिएत्स्की यांनी तशीच आकृती तयार केली होती. बॉयलर अग्निप्रदीपनाची तारीख ठरली की तिथून उलटे मोजत यावे : बॉयलरची तपासणी, नळ्या बदलणे, मिल रोलरचे काम, सुट्या भागांची मागणी. ज्या पट्टीला एक दिवस उशीर झाला की शेवटची तारीख ढळते ती जाड रेघेने दाखवावी आणि आठवड्याच्या बैठकीत प्रथम तिच्याकडेच पाहावे.

कारणांच्या शोधासाठी जपानच्या काओरू इशिकावा यांनी रूढ केलेली माशाच्या काट्यासारखी आकृती उपयोगी पडते : डोक्याशी दोष, काट्यांवर माणूस, यंत्र, पद्धत, माल अशा गटांत संभाव्य कारणे. तिच्यावरची प्रत्येक नोंद हा केवळ अंदाज असतो, हे गटाने लक्षात ठेवावे आणि नोंदीपुढे तो कोण, कसा पडताळणार ते लिहावे.

सर्वांना वाचता येण्यासाठी

१० फुटांवरून वाचायचे असेल तर अक्षर सुमारे १ इंच उंच असावे. छापील तक्ते चिकटवताना याचाच विसर पडतो. लाल आणि हिरवा यांतील फरक न कळणारी माणसे, विशेषतः पुरुष, जवळपास प्रत्येक मोठ्या कार्यस्थळी असतात, म्हणून रंगासोबत आकार बदलावा : अडलेल्या कामाला त्रिकोण, झालेल्याला गोल. जत भागातून येणाऱ्या कामगारांपैकी काहींची घरची भाषा कन्नड असते, उत्तरेतून आलेल्यांची हिंदी. अशा ठिकाणी चिन्हे आणि दोषाचा प्रत्यक्ष नमुना फळ्याशेजारी टांगणे हे लांबलचक सूचनेपेक्षा लवकर समजते.

ट्रेलो किंवा मिरोसारखी संगणकीय साधने निराळ्या गावांत बसणाऱ्या गटांना आवश्यक आहेत. सगळे एकाच छताखाली असतील तर आधी भिंतीवरच दोन-तीन महिने काम करावे, कारण रकाने चुकले असतील तर कागदावर ते पाच मिनिटांत बदलता येतात. बाहेरगावच्या विक्री प्रतिनिधीसाठी संध्याकाळी फळ्याचे छायाचित्र व्हॉट्सअ‍ॅपवर टाकावे, पण बदल मात्र फळ्यावरच करण्याचा नियम ठेवावा, नाहीतर दोन फळे तयार होतात आणि दोन्हींवरचा विश्वास जातो.

महिन्यातून एकदा गटाने फळ्याचीच तपासणी करावी. जो रकाना सतत रिकामा राहतो तो काढावा, जिथे कार्डे नेहमी साचतात तो दोन भागांत विभागून पाहावा, आणि एखाद्या फळ्यावरचे कार्ड आठवडाभर हलले नसेल व ते कुणाच्या ध्यानातही आले नसेल, तर तो फळा उतरवून ती भिंत दुसऱ्या प्रश्नासाठी मोकळी करावी.