ग्राफिक्स कार्डचा फॅन बदलायचा तर आधी त्याच्या पाठीवरचं लेबल वाचा

ग्राफिक्स कार्ड, म्हणजे कॉम्प्युटरमधलं चित्र-व्हिडिओचं काम करणारं कार्ड, घरघरायला लागलं की दुकानात पहिलं उत्तर मिळतं, ‘जुनं झालंय, नवीन टाका.’ नव्याला पंचवीस-तीस हजार, आणि बिघडलेला असतो काही शे रुपयांचा फॅन. माझा कराडला लग्नाचे व्हिडिओ एडिट करायचा छोटा स्टुडिओ आहे. कार्ड २०१६ साली आलेलं, एनव्हिडियाच्या जीटीएक्स १०६० चिपचं, सहा जीबी मेमरीचं. आल्बम-व्हिडिओच्या कामाला ते अजून पुरतं. त्याचे फॅन मी घरीच बदललेत. पेच फिरवायचं काम सोपं आहे. बहुतेकांची फसगत होते ती बिघाड ओळखताना आणि फॅन मागवताना, म्हणून त्यावरच जास्त लिहितो.

मशीन नुसतं चालू असताना फॅन फिरत नसेल तर लगेच घाबरू नका. आजकालची बरीच कार्डं पन्नास-साठ अंशांपर्यंत फॅन मुद्दाम बंद ठेवतात. एमएसआय आफ्टरबर्नर हे फॅनचा वेग बदलायचं सॉफ्टवेअर टाका, कार्ड कुठल्याही कंपनीचं असलं तरी ते चालतं. त्यात फॅनचं ऑटो काढा आणि स्लायडर ३०, ५०, ८० टक्के असा वर न्या. कॅबिनेटचं झाकण उघडं ठेवा आणि डोळ्यांनी बघा. पुष्कळ कार्डांत वेग मोजायची तार एकाच फॅनची जोडलेली असते, त्यामुळे स्क्रीनवर १८०० आरपीएम (मिनिटाला फेऱ्या) दिसतात आणि शेजारचा फॅन ठार बंद असतो.

आता मशीन बंद करा, प्लग काढा, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलेला करंट जाऊ द्या. बोटाने पातं हलकेच फिरवा. चांगला फॅन सुटल्यावर दोन-चार फेऱ्या घेऊन थांबतो. लगेच अडकला तर बेअरिंग कोरडं पडलंय. पातं वर-खाली डुगडुगत असेल तर बेअरिंग झिजलंय. सकाळी गार मशीनवर खरखर आणि तापल्यावर आवाज गायब, हीही तेल आटल्याचीच खूण. ‘टक टक टक’ असा ताल धरलेला आवाज असेल तर आधी तार पात्याला घासतेय का बघा, तेवढ्यावर भागतं. दोन्ही फॅन हाताने मोकळे फिरतात पण चालूच होत नाहीत, असं असेल तर प्लग नीट बसलाय का तपासा. बसलेला असेल तर दोष बहुधा कार्डाच्या सर्किटमध्ये आहे. तिथे नवा फॅन घालून उपयोग नाही, ते चिप-लेव्हल रिपेअरवाल्याचं काम.

तेल सोडून भागेल का, असं सगळे विचारतात. भागतं, पण थोडे दिवस. फॅन सोडवून (कसा ते पुढे सांगतो) मागचं स्टिकर उचला. खाली बेअरिंगचं तोंड दिसलं तर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडायचा. काही फॅनचा मागचा भाग बंदच असतो, तिथे ड्रिल घेऊन बसू नका. डब्ल्यूडी-४० मारू नका, ते उडून जातं आणि उरलंसुरलं वंगणही धुऊन नेतं. खोबरेल तर अजिबात नको, डिसेंबरात बाटलीत गोठतं ते बेअरिंगमध्येही गोठणारच. नव्या फॅनचं पार्सल येईपर्यंत लग्नाची ऑर्डर अडू नये, एवढ्यापुरतं मी तेल घालतो.

मागवताना ‘१०६० चा फॅन द्या’ असं म्हणू नका. एकाच चिपची कार्डं कितीतरी कंपन्या काढतात आणि प्रत्येकीचे फॅन वेगळे. फॅन सोडवला की त्याच्या पाठीवर बारीक अक्षरात नंबर असतो. ‘टी १२९२१५ एसयू, १२ व्होल्ट, ०.५० अँपिअर’ अशा धाटणीचा. तो नंबर जसाच्या तसा शोधा. लेबल पुसलेलं असेल तर पात्यांचा व्यास मोजा, तीन पेचांच्या भोकांमधलं अंतर मोजा, तारा किती आहेत ते मोजा. व्होल्ट आणि अँपिअर जुळवा. दोन फॅनच्या तारा एकाच प्लगला आल्या असतील तर जोडीच घ्या. आणि पात्यांचा कल बघा. गिगाबाइट कंपनीच्या काही विंडफोर्स मॉडेलच्या कार्डांत शेजारशेजारचे फॅन उलट्या दिशांनी फिरतात. तिथे डावीकडे डाव्याचाच आणि उजवीकडे उजव्याचाच फॅन घ्या. मुंबईला लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात जाणार असाल तर जुना फॅनच खिशात टाकून न्या, ऑनलाइन घ्यायचा तर लेबलचा फोटो आणि मापं हाताशी ठेवा.

वॉरंटी शिल्लक असेल तर पुढचं वाचू नका, कार्ड कंपनीकडे पाठवा.

उघडण्याआधी काही कार्डांत एक सोय मिळते. फॅन असलेलं प्लास्टिकचं कव्हर फक्त हीटसिंकला, म्हणजे चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पत्र्यांना, पेचांनी धरलेलं असतं. बाजूने टॉर्च मारून बघा, ते पेच बाहेरून पोचत असतील तर चिपला हात न लावता कव्हर सुटतं. नाहीतर अख्खा कूलर, म्हणजे हीटसिंक आणि फॅन मिळून सगळं, उचलावा लागतो. तसं असेल तर आधी दहा मिनिटं गेम किंवा व्हिडिओचा रेंडर चालवा, म्हणजे चिप आणि हीटसिंकमधली थर्मल पेस्ट मऊ होते. मग मशीन पुन्हा बंद करा, प्लग काढा, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा आणि कार्ड बाहेर घ्या. चिपभोवतीचे स्प्रिंगवाले चार पेच समोरासमोरचे, अर्धा अर्धा आटा असे सैल करा. कूलर सरळ ओढू नका, डावीकडे-उजवीकडे किंचित पिळून सुटा करा. फॅनची तार अजून कार्डाला अडकलेली असते, म्हणून बोटभरच उचला आणि प्लग नखांनी धरून काढा. तारेला धरून ओढलात तर सॉकेटच हातात येईल. पेच वेगवेगळ्या लांबीचे असतात, मी कागदावर कार्डाचं चित्र काढून त्या त्या जागी सेलोटेपने चिकटवतो.

मेमरीच्या चिपांवरचे, उष्णता कूलरकडे नेणारे राखाडी थर्मल पॅड जागच्या जागी राहू द्या. फाटलाच तर त्याच जाडीचा घ्या. एक मिलिमीटरच्या जागी दीडचा घातला की कूलर चिपवर टेकत नाही. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि चिपवर वाटाण्याएवढी नवी ठेवा.

फॅन निघालाच आहे तर हीटसिंक बघून घ्या. आमच्या स्टुडिओखाली पिठाची गिरणी आहे. पीठ वर येतं, पावसाळ्यात ओल धरतं आणि पत्र्यांच्या मधोमध पांढरट कणकेचा थर बसतो. तो ब्लोअरने हलत नाही. जुना टूथब्रश अल्कोहोलमध्ये बुडवून पत्र्यांच्या दिशेने, एकेक फट करत घासावा लागतो. आडवा घासलात तर पत्रे वाकतात. फॅन बसलेला असताना ब्लोअर मारायचा झाला तर पातं बोटाने धरून ठेवा. भलत्या वेगाने फिरलं तर बेअरिंग खराब होतं आणि फॅन उलटा वीजही बनवतो.

नवा फॅन तीन छोट्या पेचांवर बसतो. पेच प्लास्टिकमध्ये जातात, तेव्हा जोर नको. तार मूळच्या खाचेतूनच फिरवा, कव्हर लावून एकदा हाताने पातं फिरवा, कुठे घासत नाही ना बघा आणि मगच कार्ड मशीनमध्ये घाला. आफ्टरबर्नरमध्ये ऑटो परत लावायला विसरू नका. मग अर्धा तास रेंडर लावून तापमान बघा. १०६० साधारण ८३ अंशांना स्वतःचा वेग कमी करायला लागतं. माझं मे महिन्यात तिथेच टेकलेलं असायचं, आता सत्तरीच्या आत राहतं.

त्या नंबरचा फॅन कुठेच मिळाला नाही, तर कव्हर काढून ९२ मिलिमीटरचे दोन कॅबिनेट फॅन झिप टायने हीटसिंकवर बांधता येतात. दिसतं भयंकर, चालतं उत्तम. शेजारचा एखादा स्लॉट मात्र जातो. कॅबिनेट फॅनच्या प्लगमधलं पिनांचं अंतर २.५४ मिलिमीटर, कार्डावरच्या सॉकेटचं बहुधा २, म्हणून मधे अडॅप्टर लागतो. नाहीतर ते फॅन मदरबोर्डला जोडा, पण मग ते कार्डाच्या तापमानावर आपोआप चालत नाहीत, वेग मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये (बायोसमध्ये) ठरवून ठेवावा लागतो. जुना फॅन भंगारात घालण्याआधी त्याची तार प्लगसकट कापून ठेवा. अडॅप्टर मिळाला नाही तर तोच प्लग कामाला येतो, फक्त तारांच्या रंगांवर विश्वास न ठेवता मल्टिमीटरने १२ व्होल्ट आणि ग्राउंड शोधून मगच जोडा.